स्कॅनवर ठिपका नाही, तरी रक्ताचा कॅन्सर? अ‍ॅक्यूट ल्युकेमिया न्यूक्लिअर स्कॅनवर कसा ओळखतात

रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या टेबलावर पोचायच्या आधी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतो. पेट-सीटीची पीडीएफ उघडली की घरातलं कुणीतरी शिकलेलं माणूस शेवटचा 'इम्प्रेशन'चा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवतं. त्यात गाठ, मेटास्टेसिस (म्हणजे पसरलेला कॅन्सर) असे धसका बसवणारे शब्द नसले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण कधीकधी त्याच कागदावर मध्येच एक ओळ असते: 'डिफ्यूज इन्क्रीज्ड मॅरो अपटेक, क्लिनिकल अँड हीमॅटोलॉजिकल कोरिलेशन सजेस्टेड'. म्हणजे हाडांच्या आतला मगज सगळीकडे सारखाच जास्त काम करताना दिसतोय, रक्ततज्ज्ञांना दाखवून घ्या. काही घरांत या ओळीनं झोप उडते. काही घरांत ती कुणाच्या नजरेलाही पडत नाही.

पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करताना मला हे दोन्ही पाहायला मिळतं, आणि खरं सांगायचं तर ती ओळ नजरेआड करणाऱ्या घरांची काळजी मला जास्त वाटते. ल्युकेमियाचं निदान स्कॅनवर होत नाही, ते रक्ताच्या आणि मॅरोच्या तपासणीतच होतं. मात्र पहिली शंका स्कॅनवर येऊ शकते. तशी शंका आली तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ती शंका कशावरून येते, ती किती पक्की असते आणि कुठे फसवते, हे समजून घेऊ.

## हाडाच्या आत काय चालतं

हाड बाहेरून टणक, आतून जाळीदार. त्या जाळीत मऊ मगज भरलेला असतो. पुस्तकात त्याला अस्थिमज्जा म्हणतात, दवाखान्यात मॅरो. आपण पुढे मॅरोच म्हणू. रक्त इथे तयार होतं. मोठ्या माणसाचा मॅरो रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी बनवतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, रक्त थांबवणारी प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर जेमतेम एखाद-दोन दिवस. त्यामुळे मॅरोचं काम थोडे दिवस जरी अडलं तरी अंगावर दिसायला लागतं.

लहान मुलाच्या जवळजवळ सगळ्या हाडांत रक्त बनवणारा लाल मॅरो असतो. वय वाढतं तसा हातापायांच्या लांब हाडांतला मॅरो चरबीचा, पिवळा होत जातो. पंचविशीनंतर लाल मॅरो उरतो तो मणके, कंबरेचं हाड, छातीचं मधलं हाड, बरगड्या, कवटी आणि दंड-मांडीच्या हाडांची वरची टोकं इथेच. हे वाटप लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं यावरच उभं आहे.

अ‍ॅक्यूट ल्युकेमियात मॅरोतल्या अपक्व पेशी परिपक्व व्हायच्या थांबतात आणि नुसत्या वाढत सुटतात. या अपक्व पेशींना ब्लास्ट म्हणतात. निरोगी मॅरोत त्या ५ टक्क्यांहून कमी असतात. २० टक्क्यांपर्यंत गेल्या की बहुतेक वेळा अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचं निदान होतं. काही ठरावीक जनुकीय बदल सापडले तर त्याहून कमी प्रमाणातही होतं. ब्लास्टनी जागा व्यापली की बाकीच्या पेशी बनायला वाव राहत नाही. मग दम लागतो, चेहरा पांढुरका पडतो, ताप येतो-जातो, हिरड्यांतून रक्त येतं, मार न लागता अंगावर निळे डाग उठतात, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. हे सगळं आठवड्यांत घडतं. लहान मुलांत जास्त आढळतो तो लिम्फोब्लास्टिक प्रकार, म्हणजे एएलएल. दोन ते पाच या वयात तो सगळ्यात जास्त दिसतो. मोठ्यांत मायलॉइड प्रकार, म्हणजे एएमएल, अधिक.

## स्कॅनमध्ये नेमकं काय दिसतं

एक्स-रे किंवा सीटीत यंत्र बाहेरून किरण सोडतं आणि शरीराची रचना दाखवतं. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये उलट असतं. शिरेतून अगदी थोडं किरणोत्सर्गी औषध देतात. ते शरीरात जिथे जिथे ओढलं जातं तिथून किरण बाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो. या औषधाला ट्रेसर म्हणतात आणि एखाद्या जागेनं ते किती ओढून घेतलं याला अपटेक. म्हणजे हा फोटो रचनेचा नसतो, कामाचा असतो. ट्रेसरची ही कल्पना ज्यॉर्ज द हेवेसी यांची. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या विषयात काम करतंय.

आपल्या विषयापुरते दोन स्कॅन महत्त्वाचे.

पहिला बोन स्कॅन. यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य हाडाकडे जाणाऱ्या रेणूला जोडून देतात. दर सहा तासांनी ते निम्मं होतं. इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबवून फोटो काढतात. हे औषध हाडाच्या टणक भागात, जिथे नवं हाड रचलं जातंय तिथे जाऊन बसतं. इथे एक मेख आहे: ल्युकेमिया मॅरोचा आजार, आणि बोन स्कॅन दाखवतो हाडाची प्रतिक्रिया. म्हणजे आजार आडून दिसतो.

दुसरा पेट-सीटी. त्यात एफडीजी नावाची किरणोत्सर्गी साखर देतात. पेशी तिला ग्लुकोज समजून आत घेतात, पण पुढे ती पचवू शकत नाहीत, त्यामुळे ती तिथेच अडकते. जी पेशी भुकेली, तिथे साखर जास्त. यातला फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून निघालेल्या गाडीला पुण्यात पोचायला तीन तास लागले तर भरलेल्या औषधातलं जेमतेम एक तृतीयांश उरतं. बोरघाटात वाहतूक अडली की औषध बाहेरून मागवणाऱ्या केंद्राला दिवसभराच्या वेळा बदलाव्या लागतात. 'अपॉइंटमेंट आठची होती, दहा वाजले तरी बोलावलं नाही' याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

इंजेक्शननंतर पेशंटला तासभर शांत पडून राहायला सांगतात. बोलू नका, मोबाइल नको, च्युइंगम नको. त्याआधी चार-सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको, साधा चहाही नको. हे नियम जाचक वाटतात, पण चहा-बिस्किट खाऊन आलेल्या माणसाचे स्नायू सगळी साखर ओढून घेतात आणि मॅरोबद्दल खात्रीनं काही सांगताच येत नाही.

## ठिपका शोधणारी नजर इथे चुकते

'मॅडम, कुठे ठिपका तर नाही ना?' स्कॅन झाल्यावर बाहेर उभे असलेले नातेवाईक हाच प्रश्न विचारतात. बरोबरच आहे. फुफ्फुसाचा, आतड्याचा, स्तनाचा कॅन्सर ठिपका म्हणूनच दिसतो. ल्युकेमिया तसा दिसत नाही.

सिंहगडावरून रात्री पुणं पाहिलंय? शहराच्या मध्यावर दिव्यांची दाटी, मग कडेकडेला विरळ होत जाणारे दिवे, आणि वेल्हे-मुळशीच्या बाजूला जवळपास अंधार. मध्येच एखाद्या मैदानावर फ्लडलाइट लागले तर नजर लगेच तिथे जाते. गाठीचा कॅन्सर म्हणजे तो फ्लडलाइट. आता असं समजा की सगळ्या शहरातले दिवे एकाच वेळी दुपटीनं प्रखर झाले, आणि एरवी अंधार असायचा त्या डोंगरपायथ्यापर्यंत उजेड पोचला. कुठलंच एक ठिकाण नजरेत भरणार नाही. ज्याला रोजचं पुणं ठाऊक आहे त्यालाच कळेल की आज काहीतरी बिघडलंय.

अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचा पेट-सीटी असा असतो. स्क्रीनवर संपूर्ण शरीराचं चित्र गोल फिरत असतं. (या चित्रात रंग उलटे असतात, जास्त अपटेक काळा दिसतो. मी मात्र 'उजळ' असाच शब्द वापरते आहे.) निरोगी माणसाच्या मणक्यांतला मॅरो यकृतापेक्षा फिका असतो. यकृत हे आमचं मोजमाप. ल्युकेमियात मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, छातीचं हाड यकृतापेक्षा ठळक उजळतात, आणि तेही एकसारखे, डावीकडे तसे उजवीकडे. पाठीचा कणा एखाद्या आकृतीत काढल्यासारखा मणका-मणका सुटा दिसतो.

त्याहून महत्त्वाची खूण खाली असते. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडात गुडघ्याकडे फक्त चरबीचा मॅरो असतो, तिथे अंधार हवा. ल्युकेमियात ब्लास्ट तिथेही पसरतात आणि उजेड मांडीच्या हाडातून गुडघ्यापर्यंत, कधी नडगीपर्यंत उतरतो. चाळिशीतल्या माणसाच्या चित्रात लहान मुलासारखी मॅरोची मांडणी दिसली की माझा हात माऊसवर थांबतो. तीच मांडणी चार वर्षांच्या मुलात दिसली तर तिचा अर्थ लावताना कितीतरी जास्त जपावं लागतं, कारण त्या वयात लाल मॅरो तिथे असतोच. मग यकृताशी तुलना, दोन्ही बाजूंचा सारखेपणा आणि मॅरोबाहेरच्या खुणा यांवर भर द्यावा लागतो.

मॅरोबाहेर काय पाहायचं? प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, मोठी आणि उजळ आहे का. गाठी, विशेषतः मानेतल्या आणि छातीतल्या. एएलएलच्या टी-पेशींच्या (टी-पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींची एक जात) प्रकारात छातीच्या मध्यभागी मोठी गाठ असू शकते, ती श्वासनलिकेवर दाब आणते आणि मूल आडवं झालं की धाप लागते. मुलग्यांत वृषणं पाहायची. एएमएलमध्ये कधीकधी ब्लास्ट मॅरोबाहेर त्वचेत, हाडाभोवती किंवा डोळ्याच्या खोबणीत गाठ बनवून बसतात. याला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. रक्तात काही दिसायच्या आधीही अशी गाठ येऊ शकते.

चित्रात आणखी एक गोष्ट होते, ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. मेंदू एरवी चित्रातला सगळ्यात उजळ अवयव. पण शरीरभरचा मॅरो भुकेला झाला की दिलेली साखर तिकडेच जाते आणि मेंदू, हृदय, यकृत नेहमीपेक्षा फिके दिसतात. म्हणून नुसता यकृताशी ताळा घालून भागत नाही, पूर्ण चित्र पाहावं लागतं.

## लंगडणारं मूल आणि बोन स्कॅन

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे, कारण इथे वेळ वाया गेलेला मला सगळ्यात जास्त बोचतो.

तीन-चार वर्षांचं मूल. काही दिवसांपासून पाय दुखतो म्हणतं, सकाळी लंगडतं, मधूनच अंगात कसकस. आधी वाटतं खेळताना पडलं असेल. मग 'वाढीचं दुखणं' म्हणून मालिश होते. नंतर हाडांचे डॉक्टर, मग कुणी संधिवाताची शंका काढतं. एक्स-रे साधा येतो. हाडात जंतुसंसर्ग आहे का हे पाहायला बोन स्कॅन सांगितला जातो, आणि मूल आमच्या टेबलावर येतं.

आम्हाला एकाच जागी उजेड दिसेल अशी अपेक्षा असते. त्याऐवजी कधीकधी दोन्ही गुडघ्यांच्या वरखाली, दोन्ही मनगटांपाशी, खांद्यापाशी सारखा उजेड दिसतो. लांब हाडाच्या टोकाजवळच्या या भागात ब्लास्टची गर्दी होते आणि तिथलं हाड त्यावर प्रतिक्रिया देतं. अडचण अशी, की वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकांशी जो वाढीचा पट्टा असतो तो निरोगी मुलातही उजळच असतो. निरोगी पट्टा अरुंद, काठ रेखीव. आजारातला उजेड पट्ट्याची हद्द ओलांडून हाडाच्या दांड्याकडे पसरतो आणि काठ पुसट होतात. हा फरक ओळखायला सरावलेला डोळा लागतो, आणि मूल हललं तर तोही कामाचा नाही. म्हणून लहान मुलांच्या स्कॅनमध्ये पाय सरळ, एका रेषेत धरून ठेवायला आम्ही आईला एवढं विनवतो.

कधी याच्या बरोबर उलट दिसतं: हाडाचा एखादा तुकडा नेहमीपेक्षाही फिका. मॅरो ब्लास्टनी इतका दाटतो की तिथला रक्तपुरवठाच अडतो आणि औषध पोचत नाही. एकाच मुलात काही जागा उजळ आणि काही फिक्या, असंही चालतं. आणि कधी ल्युकेमिया असूनही बोन स्कॅन अगदी नॉर्मल येतो. ते आईवडिलांना सांगणं भाग आहे.

सांधे दुखणाऱ्या मुलाच्या रक्तात एक खूण बालरोगतज्ज्ञ आवर्जून पाहतात. संधिवातात सूज असली की ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढतो आणि सहसा प्लेटलेटही वाढतात. ईएसआर खूप वाढलेला, पण प्लेटलेट मात्र कमी किंवा नॉर्मलच्या अगदी तळाशी, असं दिसलं तर संधिवाताची चिठ्ठी लिहायच्या आधी मॅरो तपासायला हवा. दुखणं रात्री झोपेतून उठवणारं असेल आणि सांध्याच्या सुजेच्या मानानं ते फारच जास्त असेल, तर अधिकच.

## निदानाआधी स्टेरॉइड नको

ताप उतरत नाही, सांधे दुखतात, म्हणून 'डेक्सा'चं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सहज दिल्या जातात. एएलएलचे ब्लास्ट स्टेरॉइडनं मरतात, ते त्या आजाराचं एक औषधच आहे. त्यामुळे एक-दोन दिवसांत ताप जातो, मूल पळायला लागतं, गावभर डॉक्टरांचं नाव होतं. पण पूर्ण उपचाराशिवाय आजार जात नाही. ब्लास्ट तात्पुरते कमी झाल्यामुळे स्कॅन फिका पडतो, मॅरोची तपासणी अर्धवट उत्तर देते, आणि मुलाचा आजार किती जोखमीचा हे ठरवणं अवघड होऊन बसतं. उशिरा तो उलटून येतो तेव्हा उपचारही अधिक कडक द्यावे लागतात. सोलापूर, सातारा, अहिल्यानगरहून येणाऱ्या कितीतरी पेशंटांच्या पिशवीत अशा गोळ्यांची पाकिटं असतात, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. इंजेक्शन घेतलं असेल तर लपवू नका. कधी आणि कोणतं, एवढं सांगितलंत तरी आमचा अर्धा गोंधळ मिटतो.

## 'मॅरो उजळ म्हणजे ल्युकेमियाच ना?'

नाही. आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण नेटवर शोधून रात्रभर जागणारी माणसं पुष्कळ आहेत.

मॅरो जास्त काम करत असला की साखर जास्त घेतो, मग कारण कुठलंही असो. रक्त कमी झालेल्या बाईचा मॅरो ते भरून काढायला झटत असतो. टायफॉइड, मलेरिया, क्षयरोग, कुठलाही मोठा संसर्ग झाला की मॅरो पांढऱ्या पेशी वाढवतो. केमोथेरपीनंतर तो पुन्हा उभा राहत असतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला पोटावर जी इंजेक्शनं देतात, फिलग्रास्टिम आणि त्याच्या जातीची, त्यांनी तर मॅरो आणि प्लीहा दोन्ही इतके उजळतात की चित्र हुबेहूब ल्युकेमियासारखं दिसू शकतं. तो परिणाम दोन-चार आठवडे टिकतो. म्हणून स्कॅनच्या आधी आम्ही शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते पुन्हा पुन्हा विचारतो. त्याचा राग धरू नका.

कॅन्सरमध्येही मॅरो पसरट उजळण्याची कारणं अनेक: लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) मॅरोत उतरलेला, मायलोमा (मॅरोतल्याच एका पेशीचा कॅन्सर), हळूहळू वाढणारा म्हणजे क्रॉनिक ल्युकेमिया. यांत आणि अ‍ॅक्यूटमध्ये फरक सांगणं स्कॅनच्या आवाक्यात नाही. आजार अ‍ॅक्यूट आहे हे ब्लास्ट पाहूनच ठरतं, आणि ब्लास्ट कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

रिपोर्टमधल्या 'एसयूव्ही' या आकड्याबद्दलही लोक विचारतात. एखाद्या जागेनं किती ट्रेसर घेतला याचं ते माप. त्या आकड्याची अशी कुठलीही रेषा नाही की जिच्या वर ल्युकेमिया आणि खाली नाही. वजन, रक्तातली साखर, इंजेक्शन आणि फोटो यांमधला वेळ, यंत्र, सगळ्यांवर तो बदलतो.

## 'मग आधी रक्तच का तपासत नाहीत?'

तपासायलाच हवं. पेट-सीटीला साधारण पाच आकडी रक्कम जाते, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, काही शे रुपयांत होते. ज्याला ताप, फिकेपणा आणि निळे डाग आहेत त्याला स्कॅनची गरजच नाही, सीबीसी आणि रक्ताचा स्मिअर हवा. स्कॅनवर शंका येते ती वेगळ्याच कारणानं तिथे आलेल्या माणसाची: कारण न सापडलेला ताप, पाठदुखी, लंगडणारं मूल, किंवा आधीच्या कॅन्सरचा फेरतपास.

'पण सीबीसी तर नॉर्मल होती!' हेही होतं. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखावर जाऊ शकतात, तशा नॉर्मल किंवा कमीही असू शकतात. सुरुवातीला ब्लास्ट मॅरोतच राहतात, रक्तात उतरत नाहीत. शिवाय मशीन पेशी मोजतं, प्रत्येक पेशी नीट ओळखतंच असं नाही. म्हणून काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून पॅथॉलॉजिस्टनं मायक्रोस्कोपखाली पाहायचा असतो. तोच स्मिअर. ब्लास्ट दिसला की चुकत नाही: मोठी पेशी, तिला जवळजवळ पूर्ण भरून टाकणारं केंद्रक, कडेला निळसर द्रवाची बारीक कड. एएमएलमध्ये त्या कडेत कधी लालसर, सुईसारखी काडी दिसते, तिला ऑअर रॉड म्हणतात. शेकडो रुपयांच्या काचेवर दिसणारी ती काडी हजारोंच्या स्कॅनपेक्षा जास्त सांगते.

त्यानंतर मॅरोची तपासणी. कंबरेच्या मागच्या हाडाचा भाग बधिर करून सुईनं थोडा मॅरो ओढतात आणि हाडाचा बारीक तुकडा घेतात. मुलांना गुंगी देऊन करतात. मग फ्लो सायटोमेट्रीनं ब्लास्ट कुठल्या जातीचे ते ठरतं आणि जनुकीय तपासण्यांवरून औषधं ठरतात. एएमएलचा एक प्रकार, एपीएल, यात अचानक जोराचा रक्तस्राव होतो. त्यात जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता नुसत्या शंकेवर 'अ‍ॅट्रा' नावाची गोळी सुरू करतात. सुरुवातीचे दिवस निभावले तर हा आता सर्वाधिक बरा होणारा एएमएल आहे. अशा पेशंटनं स्कॅनची तारीख मिळवत बसणं जिवावर बेतू शकतं.

## 'स्कॅन स्वच्छ आला, मग सुटलो?'

याचंही उत्तर नाही असंच आहे. मॅरोत ब्लास्ट असून पेट-सीटी नॉर्मल येऊ शकतो. मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात लपलेले ब्लास्ट तर स्कॅनवर कळत नाहीत. मेंदू स्वतःच उजळ, त्याच्या शेजारचं थोडंसं काय दिसणार? त्यासाठी पाठीतून पाणी काढूनच तपासावं लागतं. उपचारानंतर आजार किती शिल्लक आहे हे पाहायलाही मॅरोचीच तपासणी लागते. ती हजारोंमध्ये एक ब्लास्टही शोधते, स्कॅन त्याच्या जवळपासही पोचत नाही.

स्कॅन कामाला येतो तो दुसरीकडे. मॅरोबाहेर कुठे गाठी आहेत ते एका फेरीत कळतं. सुईनं मॅरो निघालाच नाही तर कुठल्या हाडातून घ्यावा हे दिसतं. आणि केमोत पांढऱ्या पेशी संपलेल्या असताना ताप उतरत नसेल तर फुफ्फुसात, यकृतात बुरशीचा संसर्ग दडलाय का हे शोधायला मदत होते.

## किरणांची भीती

'आधीच कॅन्सरची शंका, त्यात किरणोत्सर्गी इंजेक्शन?' ही भीती खोटी नाही, तिला आकड्यांनी उत्तर देऊ. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतातच. बोन स्कॅनचे साधारण तीन ते पाच. पेट-सीटीचे त्याहून बरेच, दहा ते पंचवीसच्या घरात, सीटी किती सविस्तर त्यावर अवलंबून. एवढ्यानं धोका अगदी थोडा वाढतो, शून्य नाही. म्हणूनच मुलांना वजनाप्रमाणे मोजून डोस देतात, आणि 'एकदा सगळं अंग बघून घेऊ' म्हणून हौसेनं पेट-सीटी करू नये. पण खरंच कारण असेल तर किरणांना भिऊन स्कॅन टाळण्यानं होणारं नुकसान कितीतरी मोठं. गर्भवती असल्यास, अंगावर पाजत असल्यास आधी सांगा. स्कॅननंतर भरपूर पाणी प्या, आणि त्या दिवशी तान्ह्या बाळाला व गर्भवतीला फार वेळ बिलगू नका. विभागाला परवानगी आणि नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे असतात, आणि आम्ही स्वतः दिवसभर त्याच खोल्यांत वावरतो.

## अशी ओळ तुमच्या रिपोर्टवर असेल तर

त्याच दिवशी सीबीसी करा आणि चिठ्ठीवर 'पेरिफेरल स्मिअर' लिहून घ्या. लॅबला सांगा, स्कॅनवर शंका आहे, स्मिअर पॅथॉलॉजिस्टनीच पाहावा. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होतो. दंडात-कमरेत इंजेक्शन नको, दुखऱ्या हाडाला मालिश नको, हाडवैद्य नको. स्मिअर नॉर्मल आला तरी ओळीचं कारण सापडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. बऱ्याच जणांत ते रक्त कमी असणं किंवा संसर्ग एवढंच निघतं, आणि तेही उपचार करण्यासारखंच असतं.

रक्ततज्ज्ञांकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, स्कॅनची सीडी न्या. आधीच्या सगळ्या सीबीसी तारखेनुसार लावून न्या. प्लेटलेट महिन्याभरात तीन लाखांवरून दीड लाखावर आल्या असतील तर दोन्ही आकडे 'नॉर्मल'मध्येच बसतात, पण ती घसरण डॉक्टरांना दिसायला हवी. पैशाची अडचण असेल तर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र कागदपत्रं करून देतो. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात थेट गेलात तरी चालेल.

रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी हातात पडला आणि पेशंटला ताप आहे, किंवा कुठून तरी रक्त येतंय, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की ल्युकेमियाची शंका आहे.